बॅबिलॉन ‘बिनलढाई’ पडलं, असं म्हणायचं का?

मातीची_पाटी

मंडळी, हा प्रश्न माझ्या डोक्यात २०१४ च्या जानेवारीपासून आहे, आज शेवटी लिहितेय. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला सायरस सिलिंडर (बॅबिलॉन जिंकणाऱ्या इराणी राजा सायरसचा मातीवरचा लेख) तेव्हा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता, डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४. आम्ही दोघी बहिणी ठाण्याहून मुद्दाम गेलो होतो. वस्तू केवढी, तर वीतभर. मातीची, पखवाजासारखी मधे फुगीर, आणि अंगभर खिळे टोचल्यासारखी बारीक अक्षरं, पंचेचाळीसेक ओळी. तो दंडगोल १८७९ मध्ये हर्मुझ्द रस्सामच्या उत्खननात बॅबिलॉनच्या अवशेषांत सापडला. काचेपाशी मी बराच वेळ उभी होते, मागची रांग पुढे सरका म्हणेपर्यंत.

त्यात लिहिलंय की बॅबिलॉनचा राजा नबोनिडस देवधर्म बिघडवत होता, शहराचा मुख्य देव मार्दुक चिडला, त्याने सगळ्या देशांत नीतिमान राजा शोधला, सायरसला हाताला धरून बॅबिलॉनला आणलं आणि लढाई न होऊ देता शहर त्याच्या स्वाधीन केलं. वाचून बरं वाटलं होतं. एवढं मोठं साम्राज्य बदललं आणि रक्त सांडलं नाही!

मग काही वर्षांनी नबोनिडसच्या कारकिर्दीची बखर वाचनात आली (नबोनिडस क्रॉनिकल, तीही मातीच्या पाटीवर, तीही ब्रिटिश म्युझियममध्येच). त्यात इ.स.पू. ५३९ च्या तशरीतू महिन्याच्या नोंदी अशा: टायग्रिसकाठी ओपिसला सायरसची अक्काडच्या (म्हणजे बॅबिलॉनच्या राज्याच्या) फौजेशी लढाई, लूट, माणसांची कत्तल. १४ तारखेला सिप्पार न लढता घेतलं, नबोनिडस पळाला. १६ तारखेला गुतियमचा सुभेदार उग्बारू आणि सायरसची फौज बॅबिलॉनमध्ये न लढता शिरली. नंतर नबोनिडस परत आला आणि बॅबिलॉनमध्ये पकडला गेला. पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला सायरस स्वतः आला, वाटेत त्याच्यासमोर हिरव्या डहाळ्या पसरल्या.

आता सांगा. ओपिसची माणसं मेली त्याच महिन्यात राजधानी ‘बिनलढाई’ पडली. सिलिंडरवर ओपिसचं नावसुद्धा नाही. तर बिनलढाई म्हणायचं का?

पेठेतला_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). ओपिस नेमकं कुठे?

मातीची_पाटी

दियाला नदी टायग्रिसला मिळते त्या पट्ट्यात, आजच्या बगदादपासून फार लांब नाही. इराणच्या डोंगरातून दियालाच्या खोऱ्याने उतरलं की समोर तेच येतं.

निवृत्त_पाटबंधारे

ताई, धागा वाचून राहवलं नाही. आयुष्यभर कालवे मोजले त्यामुळे माझं लक्ष पाण्याकडेच जाणार.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने दिलेली गोष्ट बहुतेकांना माहीत असते की सायरसने युफ्रेटिसचं पाणी वरच्या अंगाला एका जुन्या तळ्यात वळवलं, नदी मांडीभर झाली, सैन्य पात्रातून शहरात घुसलं आणि आत लोक सणाच्या नाचगाण्यात होते. त्याच्याही आधी तो गिंदीस नदीची गोष्ट सांगतो (ही दियालाच मानतात), पवित्र पांढरा घोडा बुडाला म्हणून सायरस चिडला आणि त्याने नदीला ३६० चर खणून तिचा जीव काढला, एक आख्खा उन्हाळा त्यात घालवला.

आता नदीचं वेळापत्रक बघा. युफ्रेटिसला पूर येतो तो आर्मेनिया-अनातोलियाच्या डोंगरातलं बर्फ वितळून, म्हणजे एप्रिल-मे. आपल्या नद्यांच्या उलट. सप्टेंबर-ऑक्टोबरला ती वर्षातली सगळ्यात बारीक असते. म्हणजे १२ ऑक्टोबरला (१६ तशरीतू म्हणजे तोच दिवस) नदी आधीच उतरलेली होती, ती उतरवायला कुणी बांध घालायची गरज नव्हती. मला तरी वाटतं की लोकांच्या आठवणीत ‘पाणी कमी होतं तेव्हा फौज आली’ एवढं राहिलं असणार आणि शंभरेक वर्षांत त्याचं ‘पाणी कमी केलं’ झालं. बखरीत पाणी वळवल्याचा एक शब्द नाही.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. नबोनिडसच्या आधीचा बॅबिलॉनचा राजा नेबुखद्नेझर, त्याने दोन्ही नद्यांच्या मधे, जिथे त्या सगळ्यात जवळ येतात तिथे, सिप्पारच्या वरून ओपिसच्या बाजूला एक लांबलचक भिंत बांधलेली होती, उत्तरेकडून येणाऱ्यांना अडवायला. शहराभोवती पाणी असं खेळवलं की समुद्रासारखं दिसावं, असं तो स्वतःच्या लेखांत सांगतो. म्हणजे बॅबिलॉनचं संरक्षण शहराच्या तटात कमी आणि या भिंत-कालवा-नदीच्या जाळ्यात जास्त होतं. ओपिस आणि सिप्पार ही त्या जाळ्याची दोन टोकं. दोन्ही टोकं गेली की मधलं काय धरणार? धरणाची भिंत फुटल्यावर खालच्या गावाच्या वेशीला कुलूप लावून उपयोग नसतो.

पायदळ_२७वर्षं

पाटबंधारे काकांना शंभर टक्के अनुमोदन, आणि त्यात सैन्याच्या बाजूने भर. सिप्पार ते बॅबिलॉन साधारण ६० किलोमीटर. १४ ला सिप्पार, १६ ला बॅबिलॉन. दोन दिवसांत साठ किलोमीटर पायी म्हणजे वाटेत कुणीही अडवलं नाही. जी फौज अडवणार होती ती ओपिसला संपली होती. म्हणून ‘बिनलढाई’ हा शब्द माझ्या मते खोटा नाही पण तो निकाल आहे, लढाई आधी झालेली आहे. राजधानीच्या वेशीवर गोळी चालली नाही म्हणून युद्ध झालं नाही असं कुठलाही फौजी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र सायरसच्या बाजूने सांगतो. बखरीत आहे की महिनाअखेरपर्यंत गुतियमच्या ढालाईतांनी एसागिलाच्या, म्हणजे मार्दुकाच्या मुख्य देवळाच्या, दरवाज्यांना वेढा दिला होता, पण पूजाअर्चेत खंड पडला नाही, एकही विधी चुकला नाही. शहर नुकतं घेतलंय, सैनिक डोंगरातले, समोर सोन्याने भरलेलं देऊळ, आणि दोन आठवडे तिथे पहारा राहतो पण आत कुणी शिरत नाही. ही शिस्त फार अवघड असते, मी जवळून पाहिलेली आहे, रात्री झोप लागत नाही अशा वेळी अधिकाऱ्याला.

वसई_किनारा

आमच्याकडे हीच गोष्ट वेगळ्या नावांनी ऐकत मोठे झालो. मराठी बायबलमध्ये सायरस म्हणजे कोरेश, आणि त्या शेवटच्या रात्रीचा राजा बेलशस्सर. दानीएलाच्या पुस्तकात मेजवानी चालू असते, यरुशलेमच्या मंदिरातून आणलेल्या सोन्याच्या भांड्यांत द्राक्षारस पितात, आणि भिंतीवर हाताची बोटं येऊन लिहितात, मने मने तकेल ऊफारसीन. मोजलं, तोललं, वाटून दिलं. लहानपणी संडे स्कूलला ही गोष्ट झाली की मी घरी येऊन भिंतीकडे पाठ करून झोपायचे.

मग कॉलेजात कळलं की बेलशस्सर हा नबुखद्नेस्सरचा (म्हणजे काकांच्या नेबुखद्नेझरचा) नाही तर नबोनिडसचा मुलगा. आणि तो राजा कधीच नव्हता, वडील बाहेर होते तेव्हा कारभार बघायचा. पण मला त्यात आश्चर्य याचं वाटतं की ग्रीक लेखकांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं, मातीच्या पाट्या वाचता येईपर्यंत लोक म्हणायचे की असा माणूस झालाच नाही, आणि दानीएलाच्या गोष्टीत मात्र त्याचं नाव टिकून होतं. हेरोडोटसचा सण आणि दानीएलाची मेजवानी, दोन्हीकडे शहर आनंदात असताना पडतं, हेही बघा.

चैत्रपालवी

तशरीतू, निसान ही नावं वाचून माझं पंचांग-वेड जागं झालं. बॅबिलॉनी वर्ष चांद्र-सौर, अगदी आपल्यासारखं, चंद्राचे महिने आणि मधूनमधून अधिक महिना. वर्ष सुरू होतं निसानपासून, म्हणजे आपला चैत्र. तशरीतू निसानपासून सातवा, आश्विन चैत्रापासून सातवा. १४ ला सिप्पार, १६ ला बॅबिलॉन, म्हणजे पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. आपल्या हिशेबाने कोजागिरीच्या आसपासचं चांदणं. त्या चांदण्यात फौज चालत आली असणार हे डोळ्यासमोर आल्यावर मला कसंतरीच झालं.

आणि निसानमधला नववर्षाचा सण अकितू. बोर्सिप्पाहून नाबू देव वडिलांना, मार्दुकाला, भेटायला यायचा, मार्दुकाची मिरवणूक निघायची, आणि राजाने देवाचा हात धरायचा. नंतरच्या काळातल्या पाट्यांत विधी दिलाय की पुजारी राजाची राजचिन्हं काढून घेतो आणि त्याच्या गालावर चपराक मारतो, डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न. राजा हजर नसेल तर हा सण होतच नाही. नबोनिडस कित्येक वर्षं आलाच नाही, आणि बखर लिहिणारा दर वर्षी तेच लिहितो, राजा तेमामध्ये, नाबू आला नाही, बेल (म्हणजे मार्दुक) बाहेर पडला नाही, अकितू झाला नाही. मला त्या एकाच वाक्याच्या पुनरावृत्तीत लोकांचं दुःख दिसतं. दहा वर्षं गावची जत्रा बंद ठेवून बघा.

खुर्चीबहाद्दर

दहा वर्षं गावाला जाऊन बसलेला सेक्रेटरी आमच्या सोसायटीत असता तर आम्ही पण सायरसला बोलावलं असतं :)

तबूक_डायरी

त्या ‘गावाला’ मी जाऊन आलोय म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त तबूकला सहा वर्षं होतो, सौदीच्या वायव्येला. तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास तेमा आहे. वाळवंटात एकदम खजुराची हिरवी राई लागते आणि मधे ‘हद्दाज’ नावाची प्रचंड जुनी विहीर, काठाला चहूबाजूंनी मोटेचे रहाट. आमच्या सांगलीकडच्या मोटेच्या विहिरी पाहिलेल्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. त्या विहिरीच्या काठावर मी दोन तास बसलो होतो आणि मला नबोनिडस वेडा वाटेना.

कारण तेमा ही दक्षिण अरबस्तानातून येणाऱ्या धूप-ऊदाच्या व्यापारी वाटेवरची चावी. हर्रानच्या शिलालेखात नबोनिडस स्वतःच्या फिरतीची गावं देतो, तेमा, ददानू, पदक्कू, हिब्रा, यदिहू आणि थेट यथ्रिबू, म्हणजे आजचं मदिना. आजही सौदीत त्याचे खडकावर कोरलेले लेख सापडतात, अल-हाइतचा एक मोठा लेख २०२१ मध्येच जाहीर झाला. हा राजा वाळवंटात ध्यान लावून बसला नव्हता, तो एका नवीन दिशेला राज्य वाढवत होता. घरचं दार मात्र उघडं राहिलं. आणि त्याच वर्षांत सायरसने आधी इ.स.पू. ५५० मध्ये मीडियाचा राजा अस्तियागस हरवला, मग लिडियाचा क्रीसस. पूर्वेला आणि उत्तरेला सगळं त्याचं झालं तेव्हा हा परतला.

अभिमान_वाटतो

एवढी चर्चा कशाला? सिलिंडर हा जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे. सायरसने गुलामगिरी बंद केली, प्रत्येकाला आपापला धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलं, ‘मी कुणावरही जबरदस्तीने राज्य करणार नाही’ असं लिहिलंय. व्हॉट्सॲपवर पूर्ण भाषांतर आलंय, हवं तर टाकतो.

कुरुश_दादर

मित्रा, ते भाषांतर टाकू नकोस, मी कळकळीने सांगतो. मी पारशी आहे, आमच्या कॉलनीत सायरस नावाची माणसं पावलोपावली भेटतील, त्या नावाचा मला अभिमान आहे. म्हणूनच खोटं भाषांतर बघून जास्त वाईट वाटतं. गुलामगिरी बंद केल्याची, जबरदस्तीने राज्य न करण्याची ती वाक्यं त्या मातीवर नाहीतच, कुणीतरी नंतर रचलेली आहेत. १९७१ मध्ये इराणच्या शहाने अडीच हजार वर्षांचा सोहळा केला तेव्हा सिलिंडर तेहरानला नेला होता, त्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना भेट दिली, आणि ‘मानवी हक्क’ हे नाव तेव्हापासून जगभर चिकटलं.

खरा मजकूर काय आहे? मी कुरुश (सायरसचं मूळ नाव), विश्वाचा राजा, थोर राजा, बॅबिलॉनचा राजा, सुमेर-अक्काडचा राजा, चार दिशांचा राजा. मग, माझ्या फौजेने कुणाला भय घातलं नाही, लोकांवरचा अन्यायाचा भार उतरवला, टायग्रिसपलीकडच्या देवळांतले देव त्यांच्या जागी परत नेले, तिथल्या लोकांना परत पाठवलं, इम्गुर-एन्लिल हा शहराचा तट दुरुस्त केला. आणि शेवटी, तटात आधीच्या राजाचा, अश्शुरबनिपालचा, लेख सापडला. हे सगळं बॅबिलॉनी राजांच्या जुन्या साच्यातलं आहे, नवीन राजा पायाभरणीत असा लेख पुरतो आणि आधीच्यापेक्षा मी कसा बरा ते देवाला सांगतो. त्याची भाषा अक्कादी, देव मार्दुक. आमच्या देवाचं, अहुरमझ्दाचं, नाव त्यात नाही, कुरुशच्या कुठल्याच लेखात नाही, ते पुढच्या दारयवहू (डरायस) राजापासून दगडावर येतं. आमच्या घरी जेवताना हे सांगितलं तर वडील अर्धा तास बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘देवळं राखली ना? मग पुरे.’

मला स्वतःला तेवढं पुरतं. एक राजा जिंकलेल्या शहरात त्यांच्याच देवाच्या नावाने, त्यांच्याच भाषेत बोलतो, हे त्या काळात कमी नाही. अश्शुरच्या सन्हेरिबने याच बॅबिलॉनची इ.स.पू. ६८९ मध्ये काय दशा केली ते आठवा, शहरच उद्ध्वस्त केलं.

अभिमान_वाटतो

धन्यवाद कुरुशभाई. तो मेसेज मी तीन ग्रुपवर टाकला होता, तिथे तुमचा प्रतिसाद चिकटवतो.

रेवदंड्याची_नात

मी बेने इस्राएल, आजी रेवदंड्याची, आम्ही आता अश्दोदला असतो. घरात मराठी अजून आहे, म्हणून हे वाचून लिहावंसं वाटलं. चैत्रपालवी, आमच्या हिब्रू महिन्यांची नावं निसान, तिश्री, किस्लेव, अदार ही सगळी त्या बॅबिलॉनच्या वनवासातून आलेली. म्हणजे तुम्ही जो तशरीतू म्हणताय त्यात आम्ही दरवर्षी नवीन वर्ष करतो.

कोरेशचं नाव आमच्याकडे आदरानेच घेतात. यशया संदेष्टा त्याला ‘अभिषिक्त’ म्हणतो, परक्या राजाला हा मान दुसऱ्या कुणालाच नाही. आणि हिब्रू बायबलच्या क्रमात शेवटचं पुस्तक इतिहासाचं येतं, ते कोरेशच्या फर्मानावर संपतं, यरुशलेमला घर बांधा, ज्याला जायचं त्याने वर जावं. आमचं आख्खं पुस्तक एका इराणी राजाच्या वाक्यावर थांबतं!

पण सिलिंडरवर यहुद्यांचं नाव नाही, त्यातली गावं मेसोपोटेमियाच्या आसपासची, अश्शुर, सुसा, एश्नुन्ना, देर अशी. आणि सगळे परतही गेले नाहीत. अल-याहुदू म्हणजे ‘यहुद्यांचं गाव’ असं एक खेडं बॅबिलोनियात होतं, त्याच्या पाट्यांवर इ.स.पू. ५७२ पासून ४७७ पर्यंत आपल्या लोकांची नावं दिसतात, शेत कसतात, कर भरतात, खजूर देणं लागतात. मधे राज्य बदललं तरी देणेकरी तेच. कोकण सोडून इथे आलेल्या आणि तिथेच राहिलेल्या आमच्या दोन चुलत घराण्यांची आठवण झाली.

जमाखर्च

रेवदंडा ताईंनी नेमकं बोट ठेवलं. मी सीए आहे, मला या सगळ्यात एगिबी घराणं सगळ्यात जवळचं. बॅबिलॉनमधलं व्यापारी कुटुंब, पाच पिढ्यांची दप्तरं, हजाराहून जास्त पाट्या. जव, खजूर, कांदा विकत घ्यायचा, कालव्याने होडीत घालून शहरात आणायचा, भागीदारी, घरं गहाण, हुंड्याचे करार, सगळं. व्याजाचा रुळलेला दर वर्षाला २० टक्के. ५३९ ला घराचा कर्ता होता इत्ती-मार्दुक-बलातु. नबोनिडसच्या काळात धंदा, सायरसच्या काळात धंदा, सायरसच्या मुलाच्या काळात धंदा, आणि नवीन दरबार इराणात म्हणून हा माणूस इराणच्या फेऱ्याही करू लागला. कागदावरची तारीख तेवढी बदलली, ‘नबोनिडसचं १७ वं वर्ष’ जाऊन काही आठवड्यांतच ‘सायरसचं राज्यारोहण वर्ष, देशांचा राजा’. मुद्दल आणि व्याज जसंच्या तसं पुढे.

आणि हो, गुलामांची खरेदीखतं सायरसच्या वर्षांतही तशीच आहेत, त्याच दप्तरात. त्या मेसेजला याहून चोख उत्तर नाही.

मातीची_पाटी ताई, म्हणून मला वाटतं सामान्य बॅबिलॉनकराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता की हो, बिनलढाई. त्याच्या गल्लीत काही झालं नाही.

मातीची_पाटी

जमाखर्च, पण ओपिसच्या गल्लीत झालं ना! तिथल्या कांद्याच्या व्यापाऱ्याची दप्तरं आपल्यापर्यंत आली नाहीत एवढंच. जो वाचला त्याच्याच वह्या आपण वाचतोय.

जमाखर्च

हे खरं. मान्य.

जुन्या_विटा

मी नबोनिडसची बाजू मांडतो, इथे त्याचा वकील कुणीच नाही.

त्याच्याविरुद्ध पुरावा कुणाचा? सिलिंडर जिंकणाऱ्याचा. ‘पद्य-वृत्तांत’ म्हणून एक पाटी आहे ती त्याच्या शत्रूंची, तीत तो खोटारडा, विधी बिघडवणारा, चंद्रदेवाचा भ्रमिष्ट. हो, तो चंद्रदेव सिनचा भक्त होता, त्याची आई अदद-गुप्पी हर्रानची, शंभरी ओलांडून इ.स.पू. ५४७ ला गेली, आयुष्यभर त्या देवाच्या पडक्या देवळासाठी झुरली. आईची इच्छा मुलाने पुरी केली आणि हर्रानचं देऊळ बांधलं. हा गुन्हा?

हाच राजा पाये खणून जुन्या राजांचे लेख शोधायचा, सिप्पारला नराम-सिनचा पायाभरणीचा लेख सापडला तेव्हा त्याने तो किती जुना याचा हिशेब केला, ३२०० वर्षं. हिशेब दीडेक हजार वर्षांनी जास्त झाला, पण जुन्या विटेला वय विचारणारा राजा मला आपला वाटतो. मुलगी एन्निगल्दी-नन्नाला उर शहरात चंद्रदेवाची मुख्य पुजारीण केलं, ती प्रथा केव्हाच बंद पडली होती, जुन्या लेखावरून तिचे कपडे-दागिने कसे असावेत हे बघून.

आता मुख्य मुद्दा. ५३९ च्या उन्हाळ्यात त्याने किश, हुर्सगकलम्मा अशा गावांचे देव बॅबिलॉनला आणले. का? शत्रू येतोय, देव राजधानीत सुरक्षित राहावेत. शत्रूने देव पळवले की गाव खचतं, हे तिकडच्या सगळ्या राजांना ठाऊक. आणि सिलिंडर काय म्हणतो? नबोनिडसने देवांना त्यांच्या घरातून ओढून आणलं, मार्दुकाला राग आला, मी त्यांना परत नेलं. तेच देव, त्याच गाड्या, तीच वाट. संरक्षण केलं ते पाप ठरलं आणि परत पाठवलं ते पुण्य ठरलं, कारण मधे ओपिस झालं. ताई, तुमच्या ‘बिनलढाई’चं मूळ मला इथे दिसतं. ज्याने लढाई जिंकली त्यालाच शब्द निवडायचा हक्क मिळाला.

चैत्रपालवी

देवांच्या गाड्यांचा मुद्दा वाचून मी गप्प झाले. मला फक्त परत नेलेलेच दिसत होते.

पायदळ_२७वर्षं

विटा साहेब, वकिली छान. पण राजाने तटबंदीवर हजर राहायला हवं होतं. आणि गुतियमचा सुभेदार उग्बारू बॅबिलॉनचा माणूस असून फिरला असं ग्रीक लेखक झेनोफनने दिलेल्या गोब्रियसच्या गोष्टीवरून बरेच अभ्यासक मानतात. स्वतःचा सुभेदार शत्रूच्या आघाडीवर असेल तर कुठेतरी राजाचंच चुकलं.

जुन्या_विटा

सुभेदार फिरला हे राजाचं अपयश, मान्य. लोक फिरले हे मात्र मला मान्य नाही. ओपिसच्या त्या ओळीचं एक जुनं भाषांतर असं होतं की अक्काडच्या लोकांनी बंड केलं आणि नबोनिडसनेच त्यांची कत्तल केली. कित्येक वर्षं लोक तेच उद्धृत करत होते. पुढे ग्रेसन या अभ्यासकाच्या भाषांतरात अक्काडचे लोक मागे हटले, आणि लूट व कत्तल सायरसने केली. एका क्रियापदाचा कर्ता बदलला तर मारणारा बदलतो.

आणि १७ वर्षांनी काय झालं ते बघा. इ.स.पू. ५२२ मध्ये दारयवहू गादीवर आला तेव्हा बॅबिलॉनने बंड केलं. नेता निदिन्तु-बेल. त्याने काय नाव घेतलं? इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या लेखात दारयवहूच सांगतो, तो म्हणाला, मी नबुखद्नेझर, नबोनिडसचा मुलगा. तो हरला, पुढच्याच वर्षी अरखा नावाचा दुसरा उठला, त्यानेही तेच नाव, तोच बाप. ज्या राजाला लोक कंटाळले होते, देवाने टाकलं होतं, त्याचा मुलगा म्हणवून कुणी फौज गोळा करेल का?

कुरुश_दादर

हा मुद्दा मी कधीच असा पाहिला नव्हता. बेहिस्तून मी शाळेपासून वाचतोय, नबोनिडसचं नाव डोळ्यांखालून किती वेळा गेलं असेल. माझ्याकडून एक भर, पुढे दारयवहूच्या मुलाच्या, झेर्क्सिसच्या, काळात इ.स.पू. ४८४ ला परत दोन बंडं झाली आणि त्यानंतर जुन्या घराण्यांची दप्तरं एकदम थांबतात. देवळांशी बांधलेली जुनी बॅबिलॉनी घराणी. कुरुशने जे राखलं ते आमच्याच पुढच्या राजाने मोडलं, हेही आम्हीच सांगायला हवं.

निवृत्त_पाटबंधारे

बेरोसस हा बॅबिलॉनचाच पुजारी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीकमध्ये लिहिणारा, तो म्हणतो नबोनिडस फौज घेऊन समोर गेला, लढला, हरला, बोर्सिप्पात कोंडला गेला आणि शरण आला, सायरसने त्याला मारलं नाही, कर्मानियात पाठवलं. आणि शहराचे बाहेरचे तट पाडायला लावले. म्हणजे पुजाऱ्याच्या आठवणीत लढाई आहे. सिलिंडरवर तट दुरुस्त करणारा सायरस आणि बेरोससकडे तट पाडणारा सायरस, हे दोन्ही एकाच शहराबद्दल.

पेठेतला_वाचक

सिलिंडर एकच आहे ना? मग त्या काळात तो जमिनीत पुरलेला मजकूर लोकांना कळणार कसा?

कुरुश_दादर

उत्तम प्रश्न. २०१० च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमच्याच साठ्यात लॅम्बर्ट आणि फिन्केल यांना सपाट पाटीचे दोन तुकडे सापडले, त्यावर सिलिंडरचाच मजकूर. म्हणजे तो फक्त पायात पुरला नव्हता, त्याच्या नकला लिहिल्या जात होत्या.

मातीची_पाटी

सगळ्यांचे आभार, दोन दिवस झोपताना हाच धागा वाचतेय. बहिणीलाही पाठवला, ती म्हणाली तुला तेव्हाच रांगेतून हलवायला नको होतं.

माझ्यापुरतं आता असं ठरवलंय. १६ तशरीतूला, त्या एका दिवसापुरतं, ‘बिनलढाई’ म्हणायला माझी हरकत नाही, पायदळ साहेब म्हणतात तसं. साम्राज्य मात्र ओपिसला पडलं आणि ते लढून पडलं. पुढच्या वर्षी पुतणीबरोबर लंडनला जायचं आहे, या वेळी सिलिंडर नंतर बघणार, आधी बखरीची पाटी. संपादकांना विनंती, धाग्याच्या नावात ‘ओपिसनंतर’ हा शब्द घालता येईल का?

रेवदंड्याची_नात

पाटी बघाल तेव्हा ओपिसच्या पुढच्याही ओळी बघा. उग्बारू शहर घेतल्यावर महिन्याभरातच एका रात्री वारला. मग राजाची बायको वारली, आणि अदारच्या २७ पासून निसानच्या ३ पर्यंत सगळ्या अक्काडमध्ये सुतक, लोक केस मोकळे सोडून. ४ निसानला कंबुजीय, कुरुशचा मुलगा, देवळात गेला. अकितूचे दिवस. त्याच्यापुढे पाटी झिजत, फुटत गेलीय.